गणित ठेवलं का सोडलं?

लिंबाजीतात्या पोरांना नाव विचारत नाहीत. समोर पंधरा-सोळा वर्षांचं कुणीही दिसलं की त्यांचा पहिला प्रश्न ठरलेला: "गणित ठेवलं का सोडलं?" मग ते पोर गिरणीत दळणाचा डबा घेऊन उभं असो, नाहीतर कुणाच्या मयतीला आलेलं असो. मागच्या वर्षी आमच्या गल्लीत लग्न होतं. नवरदेवाच्या धाकट्या भावाला तात्यांनी वरातीत घोड्यापाशीच गाठलं. बँजोच्या दणक्यात त्याला काही ऐकू येईना. तात्यांनी दोन बोटं आडवी-उभी धरून अधिकचं चिन्ह करून दाखवलं. पोराला वाटलं, आजोबांना दवाखान्यात न्यायचंय. ते बिचारं पळत जाऊन खुर्ची घेऊन आलं.

चिकलठाण्याला, कारखान्यांच्या मागं आमची रो-हाउसची गल्ली आहे. तात्यांचा मुलगा तिथल्याच एका कंपनीत कामाला. तात्या मूळचे देवगाव रंगारीकडच्या एका खेड्यातले. उभी हयात मेंढरं वळण्यात गेली. आता मेंढरं राहिली नाहीत, तर दहावी झालेली लेकरं वळतात. कुणी खोचकपणे विचारलं, "तात्या, तुमचं शिक्षण किती?" तर म्हणतात, "चौथी. पण मी गणित नाय सोडलं. शाळा सोडली."

त्यांचं म्हणणं एवढंच. "हे बघ लेकरा, मेंढरं घेऊन निघणारा एका पाणवठ्याच्या भरवशावर निघत नसतो. म्होरलं तळं आटलेलं असलं मंग? दुसरी वाट ध्यानात ठिवावी लागती. तू जीवशास्त्र घे, डॉक्टर व्हय. पण गणित ऱ्हाऊ दे संगं. खायला मागतंय का ते?"

हा खायला मागण्याचा न्याय ते सगळीकडं लावतात. त्यांच्या गच्चीवर कूलरचे तीन सांगाडे आहेत, एका पायाची खाट आहे आणि कुलपं कधीच हरवलेल्या किल्ल्यांची एक माळ आहे. सून काही भंगारात द्यायला निघाली की खालून आवाज येतो, "ऱ्हाऊ दे गं! खायला मागतंय का?"

मोतीबिंदूच्या ऑपरेशनला टेबलावर झोपल्या झोपल्या तात्यांनी डॉक्टरांना विचारलं होतं, "साहेब, बारावीला गणित होतं का तुम्हाला?"

"नव्हतं, आजोबा. हलू नका."

"मंग उद्या इंजिनेर व्हावं वाटलं तर?"

"मी पन्नास वर्षांचा आहे, आजोबा."

"माणसाचं काय सांगावं!"

डॉक्टरांना हसू आवरेना. आवरेपर्यंत हत्यार बाजूला ठेवावं लागलं, असं तात्यांचा मुलगा सांगतो.

दहावीचा निकाल लागला की तात्यांना घरात बसवत नाही. सकाळी भाकरी खाऊन ते जे निघतात ते कोपऱ्यावरच्या झेरॉक्सच्या दुकानात. तिथं पोरं फॉर्म भरायला येतात. दुकानदार "या, प्राचार्य!" म्हणून स्टूल सरकवतो. तात्या त्यावर बसत नाहीत. पोरांच्या मागं उभं राहून विषयांच्या रकान्यावर नजर ठेवतात. इंग्रजी वाचता येत नाही, पण गणिताचा शब्द त्यांना चेहऱ्यानं माहीत आहे. आणि एखादं पोर फारच अडून बसलं, तर तात्या शेवटचा उपाय काढतात. तो म्हणजे मी.

"इश्वास नसंल तर सरांना इचार. गणिताचे सर हायेत. आमच्या गावाकडच्याच शाळंत होते. काय सर?"

मी मान डोलावतो आणि चालू लागतो. बायको कितीदा म्हणाली असेल, "तात्या दिसले की तुम्हाला आत काहीतरी काम कसं आठवतं हो?" मी म्हणायचो, डोकं दुखतंय. ते काम काय होतं, ते आज लिहितो.

तात्यांची मुलगी सविता माझी विद्यार्थिनी. त्या काळी नववीत गणिताच्या दोन वाटा होत्या. एक नेहमीचं बीजगणित-भूमिती, दुसरं सामान्य गणित. सामान्य सोपं, पास होण्याची हमी. पण ते घेतलं की अकरावीला सायन्स नाही, हे पालकांना कुणी सांगायचं नाही. आमच्या मुख्याध्यापकांना शंभर टक्के निकाल हवा होता. मधल्या मार्कांची जी पोरं दहावीत धोका देतील, त्यांची यादी मी एका दुपारी बसून केली. चौदा नावं होती. त्यातल्या बारा मुली. मुलींचे बाप वाद घालत नाहीत, हे मला माहीत होतं.

तात्या सामान्य गणिताच्या फॉर्मवर सहीला आले तेव्हा खांद्यावर घोंगडं होतं. "लेकीला जमत नाय का, सर?" एवढंच त्यांनी विचारलं.

"कच्ची आहे, तात्या. दहावीत अडकेल."

त्यांनी सही केली. सविता दहावीला फर्स्ट क्लासनं पास झाली. तिला फार्मसी करायची होती. कन्नडच्या कॉलेजात सायन्सला नाव घालायला बापलेक गेले. कारकुनानं मार्कशीट बघितलं आणि फॉर्म परत केला. मग आर्ट्स, मग लग्न, मग करमाडचं सासर. तात्यांचा तो प्रश्न तिथून सुरू झाला. मी बदली मागून शहरात आलो. आणि काही वर्षांनी शेजारचं घर घ्यायला नेमके तात्याच आले. मला बघून त्यांना केवढा आनंद झाला!

या जूनमध्ये त्यांची नात प्रतीक्षा अकरावीला जायची होती. एका संध्याकाळी तात्या तिला घेऊन माझ्या ओट्यावर आले. कॉलेजचा विषयांचा फॉर्म दुसऱ्या दिवशी द्यायचा होता. पोरगी गणित सोडून भूगोल घ्यायचा म्हणत होती.

"कामून सोडती, सांग सरांना," तात्या म्हणाले.

"सर, आमच्या घरात गणित चालतच नाही कुणाचं," प्रतीक्षा म्हणाली. "सविताआत्या पण कच्चीच होती. आजोबाच सांगतात."

तात्यांनी खाली बघितलं. "व्हय. माझ्याच डोक्याचं उतरलंय ते. सवीला बी मी तेच म्हणलो. तुझा दोष नाय बाई, बापाचं डोकं आलं तुला. तरी ठिव म्हणतो मी."

मी उठलो. परत बसलो. आत जाऊन पाणी प्यालो. बाहेर आलो तर दोघं तशीच बसलेली. माझा एक शब्द त्या घरात पिढीजात दुखणं होऊन बसला होता. आणि आता ही पोरगी त्याच्यापायी पेनाचं टोपण काढून तयार होती.

"सविता कच्ची नव्हती," मी म्हणालो.

"काय म्हणले?"

मग सगळंच सांगितलं. निकाल, यादी, बारा मुली. "वर्गात सगळ्यात जास्त प्रश्न तीच विचारायची, तात्या. तास संपला तरी वही घेऊन दाराशी उभी. थोडं शिकवलं असतं तर आरामात निघाली असती. मला कंटाळा आला होता. कच्ची म्हटलं की मी सुटत होतो."

मी शिव्यांची वाट बघत होतो. त्या बऱ्या वाटल्या असत्या. तात्यांनी खिशातून फोन काढून नातीकडं दिला. "आत्याला लाव. समद्यांना ऐकू येतंय तसं कर."

"तात्या? बरं हाय ना सगळं?" पलीकडून सविता घाबरून विचारत होती. मागं भांड्यांचा आवाज होता.

"बरं हाय. सर बोलतेत, ऐक." त्यांनी फोन माझ्यापुढं धरला. "सांगा. मला सांगितलं तसंच."

दुसऱ्यांदा सांगणं जास्त जड गेलं. पलीकडचा भांड्यांचा आवाज थांबला.

"सर," सविता हळू म्हणाली, "मला वाटायचं मी लई प्रश्न विचारते, म्हणून तुम्ही मला तिकडं घातलं. त्याच्यानंतर मी कुणाला काय विचारतच नाय. सासरचे म्हणतात, लई शांत सून मिळाली."

तात्यांनी धोतराच्या सोग्यानं डोळे पुसले. मग फोन तोंडाजवळ नेऊन, लहान पोरीला उठवावं तसं म्हणाले, "इचार आता, बाय. सर हितंच बसलेत. ऱ्हायलं असंल ते समदं इचार."

सविता म्हणाली, "सर, आमच्या प्रतीक्षाला अडलं, आणि ती तास सुटल्यावर वही घेऊन तुमच्या दाराशी आली, तर सांगाल का?"

प्रतीक्षानं फॉर्म गुडघ्यावर घेतला आणि गणितापुढं खूण केली. तात्यांचं तिकडं लक्षच नव्हतं. ते माझ्या तोंडापुढं फोन धरून बसले होते.

"सांगीन," मी म्हणालो.

"मोठ्यानं बोला, सर," तात्या म्हणाले. "तिला ऐकू जाऊ द्या."