ठेवणीतली आठवण

चिंचपेठेत माणसांच्या आठवणींना जागा नगरपालिका देते. जागा भरली की नवी आत यायच्या आधी, जी सगळ्यांत जास्त काळ बाहेर काढलेली नाही ती उचलून नेली जाते. नियमात तसं वावगं काही नाही. नळाच्या पाण्यापेक्षा नेमाने चालतो.

घोळ झाला तो यमुनाकाकू पाठारेंचा. काकूंना पहिल्यापासून चांगली वस्तू वापरायची धास्ती. चांगली साडी कपाटात, चांगले कप फळीवर, आणि गेलेल्या नवऱ्याच्या तीन आठवणी अगदी तळाशी, ठेवणीतल्या. हात लागून झिजायला नकोत म्हणून वर्षानुवर्षं त्यांनी त्या काढल्याच नाहीत. रविवारी सोसायटीत पार्किंगवरून दणदणीत मीटिंग झाली. घरी येऊन काकूंनी वरूनच चाचपून पाहिलं, तर दोनच लागल्या हाताला.

सोमवारी ऑफिस उघडायच्या आधीच त्या आठवण विभागाच्या दारात हजर.

"अहो तांबोळी, माझ्या नवऱ्याची आठवण नेलीत आणि ती मेली पार्किंगची मीटिंग ठेवलीत? काही वाटतं का?"

तांबोळी तिथले जुने कारकून. त्यांनी पंखा काकूंकडे वळवला. "काकू, नियमाला नवरा कळत नाही. शेवटची कधी काढली होती, एवढंच कळतं."

"मग मीटिंग न्या! ती साबणाची जाहिरात न्या!"

"जाहिरात तुम्ही भांडी घासताना रोज गुणगुणता. आणि मीटिंग आत्ताच काढलीत की माझ्यासमोर. ती आता सगळ्यांत ताजी."

काकूंनी जीभ चावली. "तुमचा आधीचा नियम बरा होता. आधी आली ती आधी जायची."

"तेव्हा अख्खं गाव आपापली आई विसरलं होतं. मीसुद्धा." तांबोळींनी मान खाली घातली. "कुठलाही नियम करा काकू, कुणीतरी रडत येतंच."

"परत मिळेल?"

"गोदामात आहे ना. पण ती आत आणायची तर दुसरी द्यावी लागेल. नंबर आता उरलेल्या दोनांतली जी जास्त दिवस काढलेली नाही तिचा."

"गेलेली कुठली होती, तेवढं तरी सांगा."

"सांगितली की आत आलीच ती. जागा कुठाय?"

काकू बाकावर बसल्या आणि नंबर लागलेली आठवण त्यांनी काढली. नव्या नवरीला ताप भरलेला. सासूबाई देवळात गेल्या तेवढ्यात ह्यांनी दार लोटून घेतलं, तिच्या केसांतला गुंता सोडवला आणि वेणी घातली. वेडीवाकडी! अंगणात सासूबाईंची चाहूल लागली तशी टोपी घालून मागच्या दाराने पसार. काकू ऑफिसात सगळ्यांदेखत हमसून हमसून रडल्या.

"ही नाही देणार."

"काढलीत म्हणजे वाचली. आता नंबर दुसरीचा."

त्यांनी दुसरीही काढली. मग नंबर आला मुलाच्या पहिल्या पावलाचा, मग वडिलांनी सायकलवर डबलसीट नेलं त्याचा. काढून पाहावी ती हातून सुटेना. शिपाई खिडक्या लावायला आला तरी द्यायला एकही सापडली नव्हती.

"चुकलंच माझं," काकू उठत म्हणाल्या. "वापरून झिजली असती, पण माझ्यापाशी असती. राहू दे ती तिकडेच."

तेव्हापासून काकू रोज सकाळी सगळ्या आठवणी ओळीने काढतात. एखादी राहिली तर गेलीच. यात भाजी करपते, फोन वाजून बंद होतो, दारी आलेलं माणूस परत जातं. परवा त्या वेणीची आठवण मोठ्याने काढत होत्या आणि सून कल्याणी शेजारी बसून ऐकत होती. तिने ओढणीने डोळे टिपले.

"आई, तुम्हाला नाही का हो भरून येत?"

"यायचं गं पूर्वी," काकू म्हणाल्या. "आता रोजचीच झाली." आणि त्यांनी पुढची काढायला घेतली.