सम्राटाची बिनबियांची द्राक्षं

टीव्हीवर रोमचा सम्राट द्राक्षं खायला लागला की तात्या आमच्या सोफ्यावरून उठतात, पडद्याजवळ जातात आणि थेट घडावर बोट ठेवतात.

"थॉम्सन हाय ही. बिनबियांची. आणि मणी बघा केवढा. औषधात बुडवल्याशिवाय असा फुगत नाय. दोन हजार वर्षांपूर्वी ह्याला औषध कोणी दिलं?"

ते बोट तिथून निघेपर्यंत सम्राटावर विषप्रयोग होऊन गेलेला असतो.

तात्या आमच्या समोरच्या फ्लॅटमध्ये एकटेच राहतात. चाळीस वर्षं त्यांनी दिंडोरीकडे द्राक्षबाग केली. आता ती पुतण्या बघतो. मी अंबडच्या एका कारखान्यात तपासणी विभागात आहे. दिवसभर दुसऱ्यांच्या चुका काढून घरी आलो की तासभर तरी काहीही चुकलेलं मला चालतं. तात्यांना चालत नाही. गेल्या वर्षी आम्ही इथे राहायला आलो, त्याच आठवड्यात ते सहज डोकावले. तेव्हा टीव्हीवर ग्रीकांची लढाई चालली होती. तेव्हापासून रोज आठ वाजता बेल वाजते.

"एवढे लढले, पण एकाच्या पायाला चिखल नाय."

"मूर्ती पांढऱ्याफेक कशा? रंगवलेल्या असायच्या त्या, आपल्या वेशीवरच्या मारुतीसारख्या."

वाचनालयातून जाडजूड पुस्तकं आणून ते हे सगळं पडताळतात. त्यामुळे वाद घालायचीही सोय नाही. एका रोमन मेजवानीत टोमॅटो दिसला, तेव्हा त्यांनी माझ्या बायकोला, सुनंदाला, स्वयंपाकघरातून बाहेर बोलावून तो दाखवला.

"सूनबाई, टोमॅटो अमेरिकेतला, मिरचीसारखाच. ह्या गड्याला कुठं भेटला? पिंपळगावच्या मार्केटात?"

आमची भाजी त्या दिवशी करपली.

आम्ही दोघं नेहमी म्हणायचो, "हो ना, तात्या." मला कुणाला दुखवणं जमत नाही आणि यालाच मी आजवर चांगुलपणा समजत आलो. पण आम्ही हो म्हटलं की तात्यांचा चेहरा उतरायचा. "तुम्ही लगीच हो म्हणता," असं पुटपुटत ते बसायचे आणि पुढच्या प्रसंगात आणखी मोठी चूक शोधायचे. एकदा मी रिचार्ज संपल्याचं खोटंच सांगितलं. ते बंद टीव्हीसमोर तासभर बसले आणि आदल्या दिवशीच्या राहून गेलेल्या चुका सांगून गेले.

मग तेव्हा चालू असलेल्या रोमन मालिकेचा शेवटचा भाग आला. वीस वर्षांनी सेनापती घरी परततो. बायको अंथरुणाला खिळलेली. ती त्याचा हात हातात घेते, काहीतरी सांगायला ओठ उघडते. सुनंदाने पदर डोळ्यांना लावला होता. माझंही नाक चुरचुरत होतं.

"खिडकीतून मका दिसतोय," तात्या म्हणाले. "मका तवा तिकडं नव्हताच."

"तात्या, गप बसा हो. बघू द्या जरा."

हे मी बोललो होतो. सुनंदा माझ्याकडे बघतच राहिली. तात्या शेवटपर्यंत बसले आणि "येतो" एवढंच म्हणून गेले.

दुसऱ्या दिवशी आठ वाजता बेल वाजली नाही. तिसऱ्याही नाही. कारखान्यात मी चांगले नग बाद करून टाकले. वडिलांच्या वयाच्या माणसावर एका मक्यासाठी ओरडलो, हे काही केल्या मनातून जाईना. चौथ्या दिवशी मी त्यांचं दार वाजवलं. वर्षभरात मी त्या दारात एकदाही गेलो नव्हतो, हे तिथे उभा राहिल्यावर लक्षात आलं.

आत भिंतीवर त्यांच्या बायकोचा हार घातलेला फोटो होता. खाली विणलेल्या रुमालाने झाकलेला टीव्ही. आमच्यापेक्षा मोठा.

"तात्या, तुमच्याकडे टीव्ही आहे?"

"हाय की. चांगला चालतो. ही गेल्यापासून लावला नाय."

मी माफी मागायला सुरुवात केली. त्यांनी हातानेच थांबवलं.

"रोज तेच म्हणायची ती. मी एक चूक काढली की, गप बसा, बघू द्या. बत्तीस वर्षं." ते रुमालाची घडी नीट करत राहिले. "एकट्यानं बघितलं एकदा. चूक सापडली. पण बोलायचं कोणापुढं? तुमच्याकडं आलो, तर तुम्ही नुसतं हो हो करता. त्या दिवशी तुम्ही बोललात आणि मला इथं येऊन बसावं वाटलं. हिच्यापाशी." मग रुमाल सोडून म्हणाले, "नवीन कधी लागतंय, साहेब?"

"सोमवारी. ग्रीकांचं आहे."

सोमवारी आठ वाजता बेल वाजली. पहिल्याच प्रसंगात ग्रीक शेतकऱ्याच्या घरात लाल मिरच्यांची माळ टांगलेली निघाली. तात्या उठले, माळेवर बोट ठेवलं आणि वळून माझ्याकडे बघत उभे राहिले. ठरवून मोठ्या माणसाला बोलायची मला सवय नाही. सुनंदाने कोपराने ढोसलं.

"तात्या, गप बसा. बघू द्या."

"बसतो की," ते म्हणाले आणि बसले. मग अगदी हळू, शेजारी बसलेल्या कुणाला तरी सांगावं तसं म्हणाले, "मिरची हाय ती."