गोंदलेली गोळी

तुम्हाला कोणतं औषध सोसत नाही? चटकन सांगा. गप्प बसलात ना? मग माझ्या हौसाआत्याकडे तुम्हाला चहा मिळायचा नाही.

दहिवडीजवळच्या तिच्या गावात पाहुणा ओसरीवर टेकला, की बायका ‘कवा आलासा?’ विचारतात. आत्या विचारते, ‘काय सोसत न्हाई?’ पाहुणा म्हणतो, वांगं. ‘भाजीचं न्हाई, गोळीचं इचारत्ये!’ मुलगी बघायला आलेल्या नवरदेवालाही तिनं सोडलं नाही. तो लाजून म्हणाला, ‘मला सगळं चालतं.’ ‘आसं म्हननाराच आदी आडवा हुतो,’ आत्या म्हणाली. लग्न जमलं, पण तो अजून तिला बघितलं की वाट बदलतो.

तिच्या डाव्या हातावर जुनं हिरवं गोंदण आहे : ‘दादू’. म्हणजे तिचे यजमान, आमचे मामा. ते जाऊन बरीच वर्षं झाली. त्याखाली यात्रेतल्या मशीनवर गोंदून घेतलेलं, काळं कुळकुळीत ‘डायक्लोफेनॅक’. अंगदुखीची गोळी. नवरा दोन अक्षरांत आटपला, गोळीनं पार मनगट गाठलं. त्यातून नवऱ्याचं नाव आत्या अजूनही तोंडानं घेत नाही. गोळीचं मात्र अख्ख्या एसटीला ऐकू जाईल असं घेते. गाव हसतं. तिला ती गोळी बाधत असणार, असं आम्ही सगळेच धरून चाललो होतो.

गेल्या उन्हाळ्यात मी तिच्याकडे होतो. शेजारच्या शिवानं दाढदुखीवर दुकानातून गोळी आणून घेतली आणि थोड्या वेळात त्याच्या अंगभर गांधी उठल्या. ‘पित्त उठलंय,’ त्याची आई म्हणाली. पित्ताला आमच्याकडे उपाय ठरलेला : आमसुलाचं पाणी लावायचं आणि वरून घोंगडं चोळायचं. माउली जोर लावून चोळत होती.

आत्यानं आत येऊन घोंगडंच हिसकावलं. ‘आगं, ओठ बघ की त्येचं, वडं झाल्यात! गोळी कंची खाल्लीस रं?’

शिवानं पाकीट पुढं केलं. मी वाचलं : डायक्लोफेनॅक. त्याचा आवाज घोगरा झाला होता. धाप लागली होती. ‘बघतुयास काय? जीप आन!’ ती माझ्यावर खेकसली. ‘उचलून घ्या त्येला, चालवू नगा!’

दहिवडीच्या डॉक्टरांनी ओठ बघितले, नाडी धरली आणि पुढचं काही विचारायच्या आधी मांडीत ॲड्रेनॅलिनचं इंजेक्शन दिलं. हळूहळू शिवाचा श्वास मोकळा झाला. ‘आज इथंच राहू दे,’ ते म्हणाले, ‘हे उलटून येऊ शकतं. औषधानंतर ओठ सुजले, घसा धरला, धाप लागली, की चोळत बसायचं नसतं.’ मग मी दिलेलं पाकीट बघता बघता त्यांचं लक्ष आत्याच्या हाताकडे गेलं. ‘तुम्हालाही हीच गोळी बाधते, मावशी?’

‘मला? म्या कवा खाल्लीच न्हाई.’

मी तिच्या हातावरच्या काळ्या अक्षरांकडे बोट दाखवलं.

‘ह्यांना बाधायची,’ ती म्हणाली. ‘घरी एकदा आसंच पित्त उठलं. मीच घोंगडं चोळलं. बसलं. गोळीचं नाव कुनी इचारलंच न्हाई. मग म्हमईला खोलीवर एकलेच हुते, पुन्हा तीच घेतली. उशाला पाकीट घावलं, तवा नाव कळलं.’

‘मग आता तुझ्या हातावर कशाला गं, आत्या?’

तिनं पदरानं हात पुसला. ‘दागिनं हितंच ऱ्हात्यात, पोरा. गोंदण तेवढं संगं येतं. ह्यांना वाचाय येत हुतं, मला न्हाई. वर गेल्या गेल्या हात म्होरं करीन. लय दुखायचं रं त्येंचं गुडगं. तितं परत कुनी दिली म्हंजी?’

आत्याचा हात भरलेला आहे आणि तो एका माणसासाठी राखून ठेवलेला आहे. आपापली नावं आपल्यालाच लिहायची आहेत. तेव्हा आज जेवायला बसाल, तेव्हा घरातल्या प्रत्येकाला विचारा : चोळून बसवलेलं एखादं पित्त आठवतं का? त्या दिवशी कोणती गोळी घेतली होती? नाव सापडलं, तर ते ठळक अक्षरांत लिहून खिशात ठेवा, आणि पुढच्या वेळी डॉक्टरांनी पेन उचललं, की त्यांनी विचारायची वाट न बघता आधी ते सांगा.