एका दऊतीची कचेरी

गोविंदराव पेशकार म्हणून, म्हणजे तहसीलदारांचे मुख्य कारकून म्हणून, आमच्या कचेरीत रुजू झाले त्या दिवशी त्यांनी पहिलं काम केलं ते सगळ्यांच्या दऊती जप्त करण्याचं. चपराशाच्या हातात टोपलं दिलं आणि स्वतः एकेका मेजेशी जाऊन, पोराच्या हातातली सुरी काढून घ्यावी तशा अलगद दऊती उचलल्या. मग मधल्या खोलीत एक तिवई ठेवली, तिच्यावर लोट्याएवढी एकच दऊत मांडली आणि जाहीर केलं, "आजपासून सगळ्यांची शाई हितं. टाक बुडवायचा तर तशरीफ हलवा!"

एका ओळीला दोनदा टाक बुडवावा लागतो. आम्ही आपापल्या खोल्यांतून टाक धरून पळत सुटलो. दाराशी टकरा झाल्या, दोघांच्या सदऱ्यांवर शाई सांडली. दुपारच्या आत प्रत्येकानं आपली मेज ओढत मधल्या खोलीत आणली. गोविंदराव कोपऱ्यात पान जमवत बसले होते. "बघा," म्हणाले, "मी कुणाला इकडं बसा म्हणलं का?"

निजामाच्या सलतनतीचे ते शेवटचे दिवस. शेवटचे आहेत हे अर्थातच आम्हाला ठाऊक नव्हतं. नांदेडच्या खालच्या अंगाला, तेलंगी मुलुखाला लागून असलेल्या एका तालुक्याची ही कचेरी. गावाचं नाव सांगत नाही. तिथल्या अहलकारांचे, म्हणजे कारकुनांचे, नातू अजून मला रस्त्यात भेटतात.

खेड्यातला कागद यायचा मराठीत, तो माझ्याकडे. सरकार चालायचं उर्दूत, म्हणून तर्जुम्याला हमीदमियाँ. जमिनीचे नकाशे नरसय्याकडे. तो मराठी बोलायचा, पण हिशेब आणि शिव्या तेलुगूत. गोविंदराव येण्याआधी तिघांच्या तीन खोल्या. हमीदमियाँचा खोकला मला भिंतीतून ऐकू यायचा, पण माझा कागद त्यांच्याकडे पोचायला आठ दिवस लागायचे.

त्यात हमीदमियाँ आणि नरसय्या यांचा सहा वर्षांचा अबोला. नरसय्या एकदा म्हणाला होता, की मियाँची उर्दू म्हणजे मुंगी शाईत पडून कागदावरून चालत गेलेली. त्यावर हमीदमियाँनी त्याच्या तेलुगूला जिलब्यांचं ताट म्हटलं. दोघांनाही आपापलं अक्षर जीव की प्राण. तेव्हापासून काही विचारायचं असलं की लेखी.

हे लेखी प्रकरण गोविंदरावांना बिलकुल खपत नसे. कुणी कचेरीतल्या कचेरीत चिठ्ठी पाठवली, की ते मधेच पकडून उभ्यानं, खणखणीत आवाजात वाचत. माझीच एक वाचली होती. "हमीदमियाँ, किशनराव आपल्याला सविनय विचारून राहिलेत, की फलाण्या मिसलेचा तर्जुमा झाला का. किशनराव म्हंजे हे. तुमच्या डाव्या हाताला बसल्येत. हात केला तर लागतील." मला तिवईखाली शिरावंसं वाटलं.

कुणी "मी सांगितलं होतं, साहेब" म्हटलं, की त्यांचा सवाल ठरलेला: "सांगितलं, हाव. त्यानं ऐकलं का?" भाजीवालीपासून तहसीलदारांपर्यंत सगळ्यांना ते हेच विचारत. तहसीलदार साहेब भला माणूस. हसून म्हणत, "पेशकार साहब, सुन लिया." तेव्हा कुठं गोविंदराव पुढचा कागद काढत.

आम्हाला वाटे, माणूस थोडा सरकलेला आहे. कामाचा आहे, पण सरकलेला.

मग एका सकाळी तळ्याच्या वाडीचा पाटील आला. मृग तोंडावर आलेला. पाटलाचा पटका हातात, डोक्याला घाम.

"साहेब, तळ्याच्या बांधाला भेग हाय. हात जातोय आत. खाली साठ उंबरे हायत. तीनदा दरखास्त दिली. हुकूम न्हाई तर बांधाला हात लावता येत न्हाई, आन् लावला न्हाई तर पहिल्याच पाण्यात गाव जातंय."

गोविंदरावांनी माझ्याकडे पाहिलं. "मी तर्जुम्याला पाठवली," मी म्हणालो.

"मैं तो नक्शे कू भेज दिया," हमीदमियाँ म्हणाले.

"माझ्याकडे आलीच नाही," नरसय्या छताकडे पाहत म्हणाला.

शोधाशोध झाली. दरखास्तीच्या कागदांची ती मिसल हमीदमियाँच्या जुन्या खोलीच्या खिडकीत सापडली, वर धुळीचा थर. "उसकू दे दो" असं ते चपराशाला म्हणाले होते. 'उस' म्हणजे कोण, हे नाव घ्यायचं नाही म्हणून सांगितलं नव्हतं.

आम्हाला वाटलं, आता गोविंदराव आभाळ कोसळवणार. पण त्यांचा चेहरा पांढरा पडला. मग हळू आवाजात म्हणाले, "आता कुणी उठायचं न्हाई. हुकूम निघेस्तोवर."

मी मोठ्यानं वाचू लागलो, हमीदमियाँ त्याच दमात उर्दूत उतरवू लागले, नरसय्यानं नकाशा जमिनीवर पसरला. बांधाच्या जागेशी गाडं अडलं.

"भेग कौनसी जानिब है, कोई पूछो उनसे," हमीदमियाँ मला म्हणाले.

"त्यांना सांगा, तूर्पु," नरसय्या मला म्हणाला.

"कुठं?" मी विचारलं.

"तूर्पु!" नरसय्या ओरडला आणि नकाशावरून सरपटत थेट हमीदमियाँच्या गुडघ्याशी आला. "पूरब, मियाँ, पूरब! ही चिंच, हा सांडवा, अन् इथं भेग!"

हमीदमियाँनी टाक खाली ठेवला. "तो सीधा बोल ना भाई," ते म्हणाले, "छे साल से मैं कहाँ भाग गया था?"

उन्हं कलायच्या आत, असराच्या नमाजाआधी, हुकुमावर तहसीलदार साहेबांची सही झाली. पाटील तो छातीशी धरून घोड्यावर बसला. दुसऱ्या दिवशी आख्खं गाव माती, दगड घेऊन बांधावर उतरलं. चौथ्या दिवशी पाऊस आला. बांध टिकला.

पाटलानं आंब्यांची पाटी पाठवली. आम्ही चौघं मधल्या खोलीत गोल बसून खात होतो. हमीदमियाँनी कोय चोखत सहज विचारलं, "पेशकार साहब, ये दवात का इल्म सीखा कहाँ से?"

गोविंदरावांनी हातातला आंबा खाली ठेवला.

"घरून," ते म्हणाले. "रेणापूरला आम्ही दोघं भाऊ. एकाच घरात. आई आजारी पडली, लातूरला डाक्टराकडं न्यायची ठरली. मला वाटलं, गाडी त्यानं सांगितली. त्याला वाटलं, मी. मी माडीवर, तो खाली. सकाळपासून दुपारपर्यंत दोघंबी गाडीची वाट बघून राहिलो. गाडी कुणीच सांगितली नव्हती."

नरसय्याच्या हातातला रस कोपरापर्यंत ओघळला, तो पुसायचं त्याला सुचेना.

"मग?" मी विचारलं.

"मग काय. आई गेली. कुणाची चूक, यावर बोललो. तेवढंच शेवटचं. सतरा वर्षं झाली."

मग हमीदमियाँनी हात धुतले, कागद ओढला आणि गोविंदरावांच्या रजेची दरखास्त स्वतः लिहायला घेतली. नरसय्या मोटारीची जागा धरायला गेला. भावाला मराठीत पत्र मी लिहिलं: गोविंदराव येत आहेत. आणि ते पोचलं, याचा निरोप रेणापूरच्या एका वाण्याकरवी मागवून घेतला.

शुक्रवारी, सुटीच्या दिवशी, आम्ही तिघांनी त्यांना नांदेडच्या मोटारीत बसवलं. दोनदा खाली उतरले. दोनदा परत चढवलं.

आठवड्यानं परतले. शेरवानीला इस्त्री नव्हती, डोळे थोडे सुजलेले. आम्ही तिघं वाटच पाहत होतो.

"काय म्हणले भाऊ?" नरसय्यानं विचारलं.

"तो म्हणला, जेवलास का?"

"अन् तुम्ही?"

"मी म्हणलं, न्हाई."

"फिर?" हमीदमियाँ पुढं झुकले.

गोविंदरावांनी पानाचा डबा उघडला, मिटला, पुन्हा उघडला.

"मग जेवलो," ते म्हणाले. "एका ताटात."