वानखेडे काकांच्या खिडकीतला तारा

शेजारच्या वानखेडे काकांकडे मागच्या महिन्यापर्यंत चहात अर्धाच चमचा साखर मिळायची, कारण लढाई सुरू होती. कोणती, ते मलाच सांगावं लागेल. चूक माझी आहे.

मी इतिहासात बी.ए. करते. आमच्या घरातून कॉलेजात गेलेली मी पहिलीच, त्यामुळे धडा वाचून दाखवायचा कोणाला, हा प्रश्न असतो. काका रांझीच्या सरकारी कारखान्यातून निवृत्त झालेत, एकटेच राहतात, आणि मन लावून ऐकतात. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेच्या सरकारनं घरोघरी काय काय करायला लावलं, ते मी त्यांना वाचून दाखवलं. साखरेचं रेशन, अंगणात भाजी, रिकामे डबे चेपून सरकारजमा.

दुसऱ्या दिवशी काकांनी गुलाब उपटून वांगी लावली. तेलाचे डबे हातोड्यानं चेपून दाराशी रचले. ते कोण नेणार, हे मला अजून कळलेलं नाही.

मी म्हटलं, ती लढाई कधीच संपली, आणि ती आपल्या सरकारची नव्हतीच.

"अच्छा. मंग रद्द झाल्याचा कागद दाखव."

कारखान्यात त्यांनी जन्मभर हेच पाळलं. एकदा आदेश लागला की रद्द केल्याचा कागद फळ्यावर येईपर्यंत तो चालूच. मी पुस्तक चाळलं. साखरेचं रेशन उठल्याची एक ओळ सापडली. काकांनी ती चष्मा लावून दोनदा वाचली आणि त्या दिवशी चहा इतका गोड केला की मला पिववेना.

खिडकीतला तारा मात्र निघाला नाही. घरातला मुलगा लढाईवर गेला की अमेरिकेतले लोक खिडकीत निळा तारा लावायचे. तो मारला गेला तर सोनेरी. हेही मीच वाचलं होतं. काकांनी कारखान्यातल्या जुन्या वर्दीच्या कापडाचा निळा तारा कापून पांढऱ्या रुमालावर शिवला होता. त्यांचा मुलगा प्रशांत अमेरिकेत नोकरीला आहे. सहा वर्षांत आलेला नाही, फोनही आता फक्त सणालाच.

तो फौजेत नाही, हे सांगावं की नाही, मला कळेना. भीत भीत एवढंच म्हटलं, "काका, ताऱ्याचाही आदेश संपला असेल."

"त्याचा कागद नसते, पोरी. पोरगा घरी आला का मंगच काढायचा."

मग त्यांनी ताऱ्यावरून बोट फिरवलं. "ऊन लय पडून राहिलं याच्यावर. रंग उतरून पिवळा तर नाही न होणार?"

पुस्तकात याचं उत्तर नव्हतं. मी नाही म्हणाले, आणि तारा काढून मागच्या, सावलीतल्या खिडकीत लावला. काका पुढच्या खिडकीपाशी ठेवलेली आपली खुर्ची उचलून माझ्या मागोमाग आले.