रांजणातले महाशीर

एका जंगलात एक नदी होती आणि त्या नदीत एका वाघाचा आरसा होता.

आरसा म्हणजे काचेचा नव्हे, बाळांनो. जंगलात काच कुठून येणार? तिथल्या वाघमहाराजांना रोज सकाळी पाण्यात आपला चेहरा पाहायची सवय होती. पण वाहत्या पाण्यात चेहरा हलायचा. कधी मिशी कानाला जाऊन लागायची, कधी नाक हनुवटीखाली उतरायचं. राजाचं नाक असं भटकणं बरं नव्हे. म्हणून महाराजांनी रानगव्यांकडून धोंडे ढकलवले आणि नदीवर बंधारा घातला. पाणी थांबलं, तसा चेहराही थांबला. साऱ्या जंगलाने टाळ्या वाजवल्या.

माशांनी तेवढ्या वाजवल्या नाहीत. त्यांना हात नसतात.

त्या नदीत महाशीर नावाचे मोठाले मासे राहायचे. अंगावर तळहाताएवढी सोनेरी खवलं. दर पावसाळ्यात पाणी चढलं की ते उलट पोहत वरच्या डोहात जायचे, तिथल्या खडीत अंडी घालायचे आणि खाली परतायचे. त्यांच्या आज्या-पणज्या हेच करत आल्या होत्या. आता वाटेत बंधारा उभा राहिला. पहिल्या वर्षी त्यांनी त्यावर डोकी आपटली. दुसऱ्या वर्षीही आपटली. तिसऱ्या वर्षी आपटायला अकराच डोकी उरली.

त्यातलं सगळ्यात म्हातारं डोकं आक्काचं. आक्का आणि गणबा कासव लहानपणापासून एकाच पाण्यात वाढलेले. आक्काचं कपाळ आपटून आपटून सोललं होतं, आणि गणबाला ते पाहवेना. शेवटी तो दरबारात जायला निघाला. निघाला माघात, पोचला चैत्रात.

“म्हाराज,” तो म्हणाला, “बंधाऱ्यातला येक धोंडा काढा. येकच. मासं वर जातील.”

महाराजांनी दिवाणजींकडे पाहिलं. दिवाणजी म्हणजे साळिंदर. पाठीवर शेकडो लेखण्या घेऊन जन्माला आलेला प्राणी दिवाण होणार नाही, तर काय ससा होणार?

“धोंडा हा आजचा विषय नाही,” दिवाणजी म्हणाले. “विषय महाशीर कमी झाल्याचा आहे. कमी झाले, तर आपण जास्त करू. त्यांना उचलून सुरक्षित जागी ठेवू, त्यांची पिल्लं वाढवू आणि नदीत सोडू.”

“पर ते नदीतच हायेत की!”

“तोच तर धोका आहे,” दिवाणजी म्हणाले.

झालं! राजमान्य महाशीर संगोपन केंद्र उघडलं. बंधाऱ्याच्या खालच्या अंगाला, नदीकाठच्या कातळात पाण्याने कोरलेला एक खळगा होता. रांजणासारखा गोल आणि खोल. त्यात अकरा महाशीर आणून ठेवले आणि गणबाला केंद्राचा प्रमुख नेमलं. हा पळून जाणार नाही, असं कारण दिवाणजींनी नेमणुकीच्या पानावर लिहिलं. गणबाला वाटलं, असू दे. निदान आक्काचं कपाळ तरी भरून येईल.

आक्का खळग्यात गोल गोल फिरली. मग वर येऊन म्हणाली, “गनबा, हितं पानी कुठनं येतं रं?”

“येत न्हाई, आक्का. हाय तेच हाय.”

“मग मी जाऊ कुठं?”

“वाईच दम धर. म्हाराजांचं मन वळलं की तुला वरच्या डोहाला धाडतो.”

“सबूद दे.”

गणबाने शब्द दिला. बाळांनो, कासवाने शब्द देऊ नये. माणूस शब्द देतो आणि संध्याकाळपर्यंत मोकळा होतो. कासवाला विसरायला शंभर वर्षं लागतात.

पावसाळ्यात बाकीच्यांनी नाइलाजाने खळग्यातच अंडी घातली. आक्काने घातली नाहीत. “साचल्या पान्यात माजं अंडं पडायचं न्हाई,” ती म्हणाली आणि तळाशी जाऊन बसली.

हजार पिल्लं निघाली. रोज सकाळी गणबा आपली पाठ कातळावर आपटायचा, ठक ठक ठक. त्याबरोबर वरून माकडं उंबरं टाकायची आणि हजार तोंडं पाण्यावर उघडायची. लांबून लांबून पाहुणे हे दृश्य बघायला येत आणि केंद्राची स्तुती करत.

पिल्लांना नदीचं ज्ञान हवं म्हणून शिकवणीही ठेवली. पहिला विषय प्रवाह. एक वानर शेपटीने पाणी ढवळायचं आणि सांगायचं, “याला प्रवाह म्हणतात. खरा याहून मोठा असतो.” दुसरा विषय शत्रू. त्यासाठी उदोजी नावाच्या पाणमांजरालाच नेमलं, कारण मासे खाण्याचा त्याच्याएवढा अनुभव जंगलात दुसऱ्या कुणाला नव्हता. उदोजी काठावर बसून गोड आवाजात म्हणायचा, “मुलांनो, माझ्यापासून जपा हं!” पण त्याचा तास नेमका उंबरांच्या वेळेला. त्यामुळे मिशीवाले काका दिसले की खाऊ येतो, एवढंच पिल्लांच्या डोक्यात पक्कं बसलं.

पिल्लं बोटभर झाल्यावर सोडण्याचा समारंभ झाला. महाराजांनी पहिलं पिल्लू स्वतःच्या पंजाने सोडलं. बाकीची मागोमाग सुटली आणि नदीत नुसती उभी राहिली. कुणी ढवळतही नव्हतं, त्यामुळे त्यांना काही सुचेना. इतक्यात काठावरच्या झाडावर सुतारपक्षी चोच मारू लागला, ठक ठक ठक. हजारच्या हजार पिल्लं त्या झाडाखाली गोळा झाली आणि आ वासून वर पाहू लागली. झाडाखाली उदोजीकाका सहकुटुंब बसले होते. दुपारपर्यंत नदी मोकळी झाली.

दिवाणजींनी अहवाल लिहिला : ‘हजार महाशीर नदीत सोडले. एकही परत आला नाही. यावरून ते तिथे रमले असे दिसते.’

पुढच्या वर्षी दोन हजार रमले. उत्तम शिक्षक म्हणून उदोजीला शाल-श्रीफळ मिळालं. त्याने शाल ठेवली आणि नारळाऐवजी आणखी मासे मागितले.

गणबा रडकुंडीला आला. “दिवानजी, पोरं समदी त्यानं खाल्ली!”

“म्हणजे नदीत महाशीर कमीच आहेत?”

“कमी न्हवं, न्हाईतच!”

“मग केंद्राची गरज सिद्ध झाली,” दिवाणजी म्हणाले आणि पाठीवरची एक ताजी लेखणी उपसली. “आणि मासे केंद्रात सुखरूप आहेत, तेव्हा बंधारा उंच करायलाही हरकत नाही. महाराजांना आता पोटापर्यंत दिसायचं आहे. दिवाळी झाली की काम सुरू.”

गणबाने हे आक्काला सांगितलं. आक्का चिडली नाही. तिने नुसतं विचारलं, “सबूद दिला व्हतास न्हवं?” मग म्हणाली, “औंदा न्हाई तर कंदीच न्हाई, गनबा. माजी उमर सरली.”

गणबाला इतकी लाज वाटली की त्याने डोकं आत ओढून घेतलं. आतही लाजच होती.

दुसऱ्या दिवशी तो बंधाऱ्यापाशी गेला. त्याच्याच मापाचा एक धोंडा त्याने निवडला आणि खांदा लावला. अगदी दिवसाढवळ्या, सगळ्यांच्या देखत. पहाऱ्यावरच्या गव्याने विचारलं, “काय करतोस रे?”

“धोंडा ढकलतोय,” गणबा म्हणाला.

गव्याने अर्धा दिवस निरखून पाहिलं. धोंडा हलला नाही, गणबाही हलला नाही. “चेष्टा करतोस होय म्हाताऱ्या!” म्हणून तो चरायला गेला. दिवाणजी येता-जाता पाहायचे आणि कासव विश्रांती घेतंय असं समजायचे. असे चार महिने गेले. आषाढात धोंडा सुटला आणि नदीच्या पुरात वाहून गेला.

पूर आला की खळगाही पाण्याखाली जायचा. मासे निसटू नयेत म्हणून त्यावर बांबूची तट्टी बांधायचं काम गणबाचं होतं. यंदाही तो तट्टी बांधायला निघाला. निघाला, एवढं मात्र खरं.

आक्का पुढे, दहा जण मागे, असे ते बंधाऱ्यापाशी आले. सवयीने आक्काने कपाळ पुढे केलं, डोळे मिटले आणि झेप घेतली. काही लागलं नाही. ती भोकातून पलीकडे गेली तेव्हा गणबा काठाशीच होता. तिने विचारलं, “तू न्हाई येत?”

“तू व्हय म्होरं. मी येतोच मागनं.”

“म्हंजी पुढल्या साली!” आक्का हसली आणि गेली. गणबाला रडू आलं. आनंदाचं होतं, म्हणून त्याने आवरलं नाही.

सकाळी महाराजांची डरकाळी घुमली. “दिवाणजी! आमचं नाक कुठे गेलं?”

धावपळ झाली. भोक सापडलं, पण त्या मापाचा धोंडा कुठे मिळेना. दिवाणजींनी भोक मोजलं, इकडे पाहिलं, तिकडे पाहिलं, आणि काठावर बसलेल्या गणबावर त्यांची नजर स्थिरावली. संध्याकाळच्या आत त्याला बढती मिळाली. पद : कायमचा धोंडा. गव्यांनी त्याला उचलून भोकात घट्ट बसवलं आणि महाराजांचं नाक जागेवर आलं.

अंडी घालून आक्का आणि तिची मंडळी खाली आली, तेव्हा या धोंड्याने पाय पोटात घेतले आणि अंग चोरून वाट दिली. पुढे दरसाल पाणी चढलं की तो असाच जरासा सरकतो. त्या दिवसांत महाराजांचा चेहरा थोडा हलतो. “तेज आहे ते, महाराज,” दिवाणजी सांगतात. “पावसाळ्यात जास्त हलतं.” महाराजांना हे पटलं आहे.

नदीत आता महाशीर भरपूर दिसतात. खळगा रिकामा आहे, तरी केंद्राला त्याबद्दल दरवर्षी शाबासकी मिळते. उदोजी मुख्याध्यापक झाला आहे.

तात्पर्य : बाळांनो, चांगलं काम नेहमी सावकाश करावं. सावकाश करणाऱ्याला यश मिळतं म्हणून नव्हे. चार महिन्यांत होणारी गोष्ट वरिष्ठांना दिसत नाही म्हणून.