परतीची एक तास पन्नास मिनिटं

बायकोला होनोलुलूला जाऊ द्यायचं, असं कुरिहारांनी मोठ्या मनानं ठरवलं आणि तिथंच सगळं बिघडलं.

सुमिए आणि तिच्या हुला नाचाच्या क्लासातल्या अकरा बायका पाच दिवस तिकडे निघाल्या होत्या. सोबत शिकवणारे मिनेगिशी सर. वय बत्तीस, केस खांद्यापर्यंत, शर्टावर ही एवढाली फुलं. (कुरिहारांचे केस मोजून सांगता आले असते.)

ती गेल्यावर त्यांनी फ्रिजवर चिकटवलेला तिकिटाचा कागद वाचायला घेतला. छत्तीस वर्षं रेल्वेत वेळापत्रकं आखून रिटायर झालेला माणूस. लोक पेपर वाचतात, हे वेळापत्रक वाचायचे. हानेदा विमानतळ ते होनोलुलू, सात तास. होनोलुलू ते हानेदा, आठ तास पन्नास मिनिटं.

त्यांनी चष्मा पुसून पुन्हा पाहिलं. अंतर दोन्हीकडून तेवढंच, सहा हजार दोनशे किलोमीटर. मग परतताना ही एक तास पन्नास मिनिटं जातात कुठे? आणि कोणाबरोबर?

पाच दिवस त्यांना अन्न गोड लागलं नाही. मिसो सूपच्या वाटीतसुद्धा तो मेला फुलाफुलांचा शर्ट दिसायचा. चाळीस वर्षांच्या संसारात सुमिएनं त्यांच्यासमोर एकदाही कंबर हलवली नव्हती! (त्यांनी कधी सांगितलंही नव्हतं, पण ते जाऊ द्या.)

रविवारी दुपारी, तिला न कळवता, इस्त्रीचा कोट चढवून स्वारी विमानतळावर हजर. विमान वेळेवर उतरलं. वेळेवर! म्हणजे हा उशीर आधीच ठरवून केलेला. ते तडक काउंटरवर गेले.

"उशीर झाल्याचा दाखला द्या."

गाडीला पाच मिनिटं उशीर झाला तरी प्रवाशाला ऑफिसात दाखवायला दाखला द्यायचा, ही त्यांच्या रेल्वेची रीत. नोकरीच्या सुरुवातीला स्टेशनवर असताना कुरिहारांनीही असे दाखले कमरेत वाकून माफी मागत वाटले होते.

"पण साहेब, विमान वेळेवर आलंय," काउंटरवरची मुलगी म्हणाली.

"जाताना सात, येताना आठ पन्नास. मध्ये कुठे थांबलं होतं, बोला!"

"समुद्रावर कुठे थांबणार? जाताना वारा पाठीवर असतो, येताना तोंडावर."

"वारा? आमच्या लाईनवर काय वारा नव्हता? छत्तीस वर्षांत एक मिनिट खाल्लं नाही त्यानं!"

मुलीनं वरिष्ठाला बोलावलं. त्यानं नकाशा आणला, नकाशावर बाण काढले. कुरिहारांनी बाणागणिक हरकत घेतली. शेवटी आवाज खाली आणून विचारलं, "म्हणजे… सगळ्यांच्याच बायकांना एवढा वेळ लागतो?"

"नवऱ्यांनासुद्धा," वरिष्ठ म्हणाला.

कुरिहारांचा जीव भांड्यात पडला. मग आठवलं, बायको राहिली! धावत गेले, तर बाहेर यायच्या दारापाशी चिटपाखरू नव्हतं.

घरी पोचले तेव्हा सुमिए अंघोळ उरकून चहा पीत बसली होती.

"मिनेगिशी सरांची बायको न्यायला आली होती. तिनं मलाही गाडीतून सोडलं. किती गोड बाळ आहे हो त्यांचं! पण तुम्ही कुठे होतात?"

"अगं, तुलाच आणायला आलो होतो. काउंटरवर एक मुलगी होती, तिच्याशी बोलता बोलता…"

सुमिएनं कप खाली ठेवला. आधी इस्त्रीच्या कोटाकडे पाहिलं, मग घड्याळाकडे.

"मला येऊन एक तास पन्नास मिनिटं झाली. गाड्या उशिरा होत्या का?"

"छे! आपल्या गाड्या कधी उशिरा येतात?" कुरिहारांची छाती अभिमानानं फुगली.

सुमिएनं हात पुढे केला.

"मग काढा तुमच्या उशिराचा दाखला!"